बिनमिठाचे ताट

फेब्रुवारीत आलेल्या त्या पत्राला विल्टन गिटन्सने उत्तर दिले नव्हते. पत्र त्याच्या मेव्हणीचे, सेलेस्टीनचे होते. कॅरिबियन समुद्रातल्या कॅरिआकू बेटावरून आलेले. मोठ्या, शाळकरी अक्षरांत तिने लिहिले होते:

"भावजी, एल्मिना आली होती. नर्सचा निळा युनिफॉर्म, कमरेला बक्कलचा पट्टा, पण पाय अनवाणी. म्हणाली, ताई, घर माणसांनी भरलंय गं. आई आहे, बाबा आहेत, बोटीबरोबर बुडाला तो आपला थोरला आहे. सगळे टेबलाशी येऊन बसलेत आणि माझी चूल काही पेटत नाही. एवढं बोलली आणि रिकामी पळी दाखवली. भावजी, आमच्याकडे मेलेलं माणूस स्वप्नात येऊन जेवण मागतं, तेव्हा त्याला नाही म्हणत नाहीत. तिचं घर तिकडं, तर ताटही तिकडंच मांडायला हवं. तुमच्या स्वप्नात आली तेव्हा काय काय मागितलं, ते मला कळवा."

शेवटच्या वाक्यापाशी विल्टन अडला होता. एल्मिना त्याच्या स्वप्नात आलीच नव्हती. नाताळाच्या तोंडावर ती गेली, तेव्हापासून एकदाही नाही. आपण नवरा असून ती आपल्याकडे फिरकत नाही, हे बेटावरच्या त्या बाईला कसे लिहायचे? त्याने पत्र घडी करून एका जाड पुस्तकात ठेवले. आज लिहू, उद्या लिहू म्हणता म्हणता इंग्लंडातल्या हडर्सफील्डच्या टेकड्यांवरचा बर्फ वितळला, उन्हाळा आला आणि गेलाही.

बाकी सगळ्यांच्या स्वप्नात मात्र ती जात होती. मर्टलकडे गेली होती. मर्टल जमैकाची, एल्मिनाबरोबर एकाच वॉर्डात रात्रपाळ्या केलेली. औषधांच्या दुकानातल्या बाईकडे गेली होती. एकदा बाजारात गिरणीतल्या एका गोऱ्या म्हाताऱ्याने विल्टनला थांबवले. एल्मिना घरोघर जाऊन ड्रेसिंग करायची, तेव्हा त्याच्या पायाची जखम तिनेच भरून आणली होती.

"काल सिस्टर स्वप्नात आल्या होत्या," म्हातारा ओशाळून म्हणाला. "पट्टी सोडून बघितली, छान म्हणाल्या. मग म्हणाल्या, खायला काही आहे का हो घरात? आता सांगा, त्या बाईनं आम्हाला खाऊ घालायचं, तर तीच मागतेय!"

विल्टन कसनुसा हसला आणि बटाटे न घेताच घरी आला.

बेचाळीस वर्षांच्या संसारात त्या घराचा रविवार एल्मिनाचा असे. आठवडाभर हॉस्पिटलात लोकांची अंगे पुसून, उलट्या काढून दमलेली बाई रविवारी पहाटे उठून वाटण वाटायला बसे. नर्सांच्या होस्टेलात एकटी पडलेली, नुकतीच बेटांवरून आलेली पोरे, बसचे कंडक्टर, चर्चचे पाद्री, कोणीही यावे. "येताना कुणाला तरी घेऊन या," हे तिचे निमंत्रण. माणसे मावेनात म्हणून तिने खालच्या दोन खोल्यांमधली भिंत पाडून घेतली आणि शाळेने टाकून दिलेले लांबलचक टेबल आणले. विल्टन पाहुण्यांशी हात मिळवी, हवापाण्याचे दोन शब्द बोले, आणि कोणी पाहत नाही असे बघून वरच्या मागल्या खोलीत पुस्तकांकडे सटके. माणसांत त्याच्या तोंडून शब्द फुटत नसे. फुटला तर तो चुकीचाच होता असे त्याला रात्रभर वाटे. एल्मिनाने त्याला कधी खाली ओढले नाही. ती ताट वाढून जिन्याने वर पाठवी.

पत्र आले त्या आठवड्याच्या रविवारी, दुपारी, विल्टन त्याच खोलीत वाचत बसला होता. खाली खुर्च्या सरकल्या.

एक नाही. आधी एक, मग दोन, मग टेबलाच्या दोन्ही बाजूंनी ओळीने. घर भरले की होतो तोच आवाज. त्याला तो इतका ओळखीचा होता की त्याने पान उलटले आणि मगच त्याच्या लक्षात आले, घरात दुसरे कोणी नाही. तो ऐकत राहिला. बोलणे नाही, हसणे नाही. ताटांचा, चमच्यांचाही आवाज नाही. नुसती बसलेली, वाट पाहणारी माणसे. बऱ्याच वेळाने तो जिना उतरला, तेव्हा खुर्च्या टेबलाला लागून जागच्या जागी होत्या.

पुढच्या रविवारी तेच. त्याच्या पुढच्याही.

विल्टनचा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता, असे त्याला वाटत आले होते. बार्बाडोसला ज्या आत्याने त्याला वाढवले ती शाळामास्तरीण होती आणि भुताखेताचा शब्द घरात काढू देत नसे. पण आपल्याला वाटते ते खरे असतेच, एवढीही खात्री त्याला कधी नव्हती. शेवटी कोणाला न सांगता तो स्वयंपाक शिकला. भात, तुरीचे दाणे, आणि एल्मिनाचा जीव की प्राण असलेला खारवलेला मासा. दर रविवारी टेबलाच्या टोकाशी, तिच्या जागी, तो ताट मांडू लागला. मग वर जाऊन जीव मुठीत धरून ऐकत बसे.

खुर्च्या सरकत. मग शांतता. आणि मग, आता ताट मांडल्यापासून, त्या पुन्हा मागे सरकत. हळूहळू, एकामागून एक. अपमान झालेली भली माणसे चारचौघांत काही न बोलता उठतात तशा.

एल्मिनाच्या घरून माणूस उपाशी उठले असे कधी झाले नव्हते. विल्टनला भीती वाटत होती; पण त्याहून जास्त लाज वाटत होती.

ऑक्टोबरातल्या एका रविवारी मर्टल न सांगता आली. आल्या आल्या तिने टेबलावरचे ताट पाहिले.

"हे कुणासाठी, मास्तर?" विल्टन कधी मास्तर नव्हता, पुस्तकांमुळे तिने त्याला हे नाव चिकटवले होते.

"तिच्यासाठी," विल्टन पुटपुटला.

मर्टलने बोट लावून चाटले आणि कपाळावर हात मारला. "अहो, मीठ! मेलेल्या माणसाला मीठ घातलंत? आणि वर खारा मासा! म्हणजे दाराला कुलूप घालून वर खिळेपण ठोकलेत."

"मला ठाऊक नव्हतं."

"एवढी पुस्तकं रचलीत, त्यात कुठं लिहिलं नाही? तुम्ही बार्बाडोसवाले म्हणजे निम्मे इंग्रज. आमच्या जमैकात शेंबडं पोरसुद्धा सांगेल, मिठाला ते शिवत नाहीत. कधीपासून चाललंय हे?"

"मार्चपासून."

"मार्चपासून! ती बिचारी पाहुणे घेऊन येते आणि तुम्ही तिला तोंडघशी पाडता." मर्टल खुर्चीत बसली. जरा वेळाने तिचा आवाज उतरला. "म्हणून माझ्या स्वयंपाकघरात येऊन उभी राहते होय ती. बोलत नाही, नुसती झाकणं उचलून बघते."

"तुमच्याकडे येते," विल्टन म्हणाला. "सगळ्यांकडे येते."

मर्टलने त्याच्याकडे पाहिले. "तुम्हाला वर काय पाठवायची ती? आठवतंय?"

"जेवण."

"तुमचं बीपी. वीस वर्षं तुमची भांडी वेगळी, बिनमिठाची. आम्ही सगळे चेष्टा करायचो, वरच्या भुताचं ताट गेलं का गं? ती तर भडकायची! पळी घेऊन मारायला धावायची."

विल्टनने ती चेष्टा तेव्हा वर बसून, पायाखालच्या फळ्यांतून ऐकली होती. एल्मिना भडकायची, हे मात्र त्याला आज कळत होते.

"तेव्हा बिनमिठाचं जेवण कसं असतं ते तुम्हाला सांगायला नको," मर्टल उठत म्हणाली. "पण चोरून एक ताट ठेवून भागायचं नाही. तिच्या बेटाची रीत मला तिकडच्याच लेंडोरनं सांगितलीय. माणसं बोलवायची. जिवंत माणसं जेवल्याशिवाय ती मंडळी जेवत नाहीत. आणि बोलवायचं घरच्यानं. मी बोलावून चालणार नाही."

"मी?" विल्टन म्हणाला. "मला नाही जमणार, मर्टल. मी काय बोलू त्यांच्याशी?"

"या म्हणा, बसा म्हणा, आणखी घ्या म्हणा. तीन वाक्यं आहेत. पाठ करा."

त्या आठवड्यात विल्टन फोनपाशी बसे आणि उठे. एकदा नंबर लागला तर घाबरून त्याने फोन ठेवून दिला. रविवारी पुन्हा खुर्च्या सरकल्या. त्या दिवशी त्याने ताट मांडलेच नव्हते. ती माणसे किती वेळ बसून राहिली! खाली एक खुर्ची तेवढी सारखी हलत होती, यजमानीण दर क्षणाला उठून चुलीकडे जावी तशी. विल्टन कान झाकून बसला. दुसऱ्या दिवशी त्याने पहिला फोन लावला आणि पलीकडच्याने हॅलो म्हणायच्या आत म्हणाला, "या. येताना कुणाला तरी घेऊन या."

नोव्हेंबरातल्या त्या रविवारी चार वाजताच अंधारून आले आणि घर भरले. लेंडोर हा कॅरिआकूचा जुना सुतार. त्याने उंबऱ्यावर आधी पाणी आणि मग रम शिंपडली, आणि तिकडच्या बोलीत एकेकाचे नाव घेऊन हाक मारली: एल्मिनाची आई, बाप, बुडालेला भाऊ. शेवटी एल्मिना. मग तो विल्टनकडे वळला.

"ताटाला बंद दाराची खोली लागते, गिटन्स. खाली तर तुमच्या बाईनं भिंतच ठेवली नाही."

दार लागेल आणि मोकळी करता येईल अशी घरात एकच खोली होती, त्याची वरची. विल्टनने पुस्तके हलवून आपल्या वाचायच्या टेबलावर पांढरे कापड घातले. मक्याच्या पिठाचे उंडे, नारळाच्या दुधातले तुरीचे दाणे, लिंबू आणि मिरचीत मुरवलेली कोंबडी. सगळे त्याच्या हातचे, बिनमिठाचे. मेणबत्ती लावून लेंडोरने दार ओढून घेतले.

"आता सकाळपर्यंत वर कोणी जायचं नाही," तो म्हणाला.

म्हणजे विल्टनला पळायला जागा उरली नव्हती. तो टेबलाच्या टोकाशी उभा राहिला.

"बसा," तो म्हणाला. आणि काही क्षणांनी, "आणखी घ्या."

"अजून पहिलं तर वाढा, मास्तर!" मर्टल ओरडली आणि सगळे हसले. विल्टनही हसला आणि वाढू लागला. लोक बोलत होते, एल्मिनाने कोणाला कोणत्या वर्षी कसे दटावले होते ते सांगत होते. दोन वाडगी फिरली. तेव्हा वरून आवाज आला.

वर खुर्ची एकच होती. सरकल्या त्या कितीतरी.

लेंडोर बोलत होता तो बोलतच राहिला. फक्त त्याने ग्लास जरा उंचावला. मर्टलने विल्टनचे मनगट घट्ट धरले. "वर बघू नका," ती हळूच म्हणाली. "जेवा."

विल्टनने घास घेतला. डोक्यावर, त्याच्या खोलीत, चमचे वाजू लागले. आधी बिचकत, मग भराभर, खूप दिवसांच्या उपाशी माणसांचे. त्या गलक्यात पावले फिरत होती. अनवाणी, लगबगीची, एकीकडून दुसरीकडे वाढत जाणारी. ती जिन्याच्या माथ्याशी आली आणि थांबली. आयुष्यभर ती खालून त्याची चाहूल जशी घेत असेल, तशी खालच्या माणसांत, जिन्याकडे पाठ करून बसलेल्या विल्टनने ती थांबलेली ऐकली. मग ती आत परतली.

सकाळी लेंडोरने दार उघडले. ताट जसेच्या तसे होते. लेंडोरने एक घास विल्टनच्या हातावर ठेवला. त्यात लिंबाची चव उरली नव्हती, मिरचीची नव्हती, नारळाची नव्हती. ओला कागद चघळावा तसा लागला.

"पोटभर जेवले," लेंडोर म्हणाला.

त्या रात्री विल्टन लवकर झोपला. चादर नीट केली, दिवा घालवला, डोळे मिटले. सकाळी जागा झाला तेव्हा काहीच आठवत नव्हते, कारण आठवण्यासारखे स्वप्न पडलेच नव्हते. पुढच्या रविवारी त्याने दुपारभर कान दिला. घर अगदी शांत होते. ती कोणाकडेच जात नव्हती आता, मर्टलकडेही नाही.

मग त्याने कागद घेतला.

"प्रिय सेलेस्टीन, उत्तराला उशीर झाला. एल्मिना माझ्या स्वप्नात आली नाही. तेव्हाही नव्हती आणि अजूनही नाही, म्हणून काय लिहावं ते सुचत नव्हतं. ताट मांडलं. माणसं बोलावली, मीच बोलावली. तुमचे आईबाबा, भाऊ, सगळे जेवून गेले, तशी चिंता करू नका. ती वाढत होती. माझ्या खोलीत होती आणि मी खाली होतो. तुमच्याकडे पुन्हा आली तर पोट भरलं का विचारा. तिनं माझं नाव काढलं तर तेवढं कळवा. नाही काढलं, तर तसंही कळवा."

हे बरोबर लिहिले की नाही, त्याला ठरवता येईना. पुन्हा वाचले तर फाडून टाकू, हे मात्र त्याला पक्के ठाऊक होते. त्याने पाकीट चिकटवले, कोट चढवला आणि ओल्या उतारावरून खालच्या चौकात गेला. टपालाच्या लाल पेटीच्या तोंडाशी हात जरा अडखळला. मग त्याने पत्र आत सोडले.