दिव्याचं पाणी

धामणवाडी खारघरच्या डोंगरावर. संध्याकाळी कड्यावर उभं राहिलं की खाली वाशीचे दिवे लागताना दिसत आणि वाडीतली माणसं फुकटचा तमाशा पाहावा तशी ते पाहत बसत. विजेचे खांब पायथ्याशी येऊन थांबले होते. वर ठाकरांची मूठभर घरं, त्यांच्यासाठी एवढा चढ कोण चढणार?

त्या अंधारातच पुतळाच्या नवऱ्याला मारलं. नामाचा गुन्हा एवढाच, की ‘माजी पोर दारू घेऊन खाली जानार नाय’ असं तो बाजीरावशेटला चारचौघांत बोलला. बाजीराव पायथ्याच्या गावचा. गूळ-नवसागर त्याचा, पिंप त्याचं, पैसाही त्याचाच. हातभट्टी मात्र वाडीतल्या बायकांनी लावायची आणि ट्रकच्या ट्यूबांत दारू भरून कळंबोलीच्या ट्रकवाल्यांना पोचवायची. नामा बोलला त्याच रात्री तोंडाला फडकी बांधून माणसं आली. त्यांनी त्याला अंगणात ओढलं आणि हाडं मोडेपर्यंत काठ्यांनी झोडलं. पुतळाने एकाच्या दंडाचा लचका तोडला, पण तोंड कुणाचंच दिसलं नाही. नामा अंगणातच मेला.

फौजदार आला, वरातीमागून घोडं. ‘कोणी पाहिलं?’ त्याने विचारलं. ‘अंधार हुता, साहेब,’ सगळी वाडी म्हणाली. कुणी मारलं ते शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. पण अळीमिळी गुपचिळी! प्रकरण तिथेच मिटलं.

पुढच्या वर्षी, म्हणजे शहाऐंशी साली, श्यामसुंदर नावाचा वाशीचा इंजिनीअर उन्हावर चालणारा दिवा घेऊन वर आला. दिव्याची ऊन धरणारी निळी काच गड्यांनी आजाऱ्याला नेतात तशी झोळीत घालून आणली. खांब कुठे रोवायचा यावर पुरुषांची जुंपली. तेव्हा पुतळा म्हणाली, ‘माज्या अंगनात. नामा पडला तितं.’ मग पुरुषांनी तिथेच खड्डा खणला. खांबाखाली लोखंडी पेटी बसली, पेटीत बॅटरी, आणि पेटीची किल्ली पुतळाच्या गळ्यातल्या दोऱ्यात.

दिवस मावळला की दिवा आपसूक लागायचा. बाजीरावची माणसं उजेडाच्या कडेपर्यंत येत आणि तिथूनच मागे फिरत. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, इथे तर डोक्यावर दिवाच होता. पुतळाची वयात आलेली लेक बुधी कित्येक महिन्यांनी सुखाने झोपू लागली.

‘बॅटरीला साधं पाणी घालू नका,’ श्यामसुंदर बजावून गेला होता. ‘पाणी उकळायचं, त्याची वाफ धरायची, ती गार करायची. ते पाणी. मी डबे पाठवत जाईन.’

‘म्हंजी दारूवानीच की,’ पुतळा म्हणाली होती, आणि सगळे हसले होते.

पण साहेबाची बदली झाली आणि डबे बंद पडले. दिवा जेवणं व्हायच्या आत विझू लागला. काळोखातून पुन्हा शिट्ट्या येऊ लागल्या. एका संध्याकाळी बुधी झऱ्यावरून आली ती फाटक्या चोळीने. कोण होतं, पुतळाने विचारलं. ‘तोंड बांदलेलं,’ बुधी म्हणाली. पुतळाच्या पोटात राग पेटला.

सकाळी तिने पेटी उघडली. बॅटरीतलं पाणी आटून आतल्या पट्ट्या उघड्या पडल्या होत्या. ती सरळ भट्टीवर गेली आणि बाजीरावचा आंबवलेला माल पिंपासकट लाथेने ओढ्यात लवंडून दिला. राखेने पिंप घासलं, झऱ्याचं पाणी भरलं, जाळ लावला. दुपारपर्यंत नळीतून पाण्याची पहिली धार सुटली. तिने ती बॅटरीला पाजली आणि पुन्हा पिंप भरलं.

दिवस बुडायच्या बेताला बाजीराव माल न्यायला आला. ओढ्याकाठी कोंबड्या झिंगून लोळत होत्या. त्यांना बघून काय झालं ते त्याला कळलं. त्याने पुतळाचे केस मुठीत धरले आणि तिचा उजवा हात तापल्या पिंपावर दाबला. कातडी चिकटली. तिची किंकाळी वाडीने ऐकली, माणसं दारांत आली आणि दारांतच राहिली.

‘माज्या पिंपात पानी उकळतेस?’ बाजीराव म्हणाला. ‘थांब, तुजा दिवाच इजवतो.’

त्याने तिला केसांनी फरफटत अंगणात आणलं, फेकलं आणि कुणाच्या तरी दारातली कुऱ्हाड उचलली. पहिला घाव पेटीच्या झाकणावर बसला. दुसऱ्यासाठी त्याने हात वर केला आणि नेमका दिवा लागला.

सगळं अंगण उजळलं. बाजीरावने दारांतले चेहरे पाहिले आणि हसला. ‘बगा, नीट बगा. कोन बोलनार हाय?’

पण उगारलेल्या हाताची बाही खाली घसरली होती आणि दंडावर दातांची जुनी खूण चकाकत होती. पुतळाने ती ओळखली. आपले दात कुणाला ओळखू येत नाहीत? तिने उंबऱ्याजवळचा कोयता डाव्या हाताने घेतला आणि त्याच्या मानेवर घातला. तो गुडघ्यांवर आला, तेव्हा पुन्हा घातला. निळी काच आणलेल्या झोळीतूनच गड्यांनी त्याला खाली न्यायला काढलं, पण अर्ध्या उतारावरच तो मेला.

दुसऱ्या दिवशी वाडीतला म्हातारा गोटीराम पुतळाकडे आला. ‘पोरी, घावानं पेटीचं झाकन उचकाटलंय, आतली वायर काडलीय. तू घरात हुतीस. अंधार हुता. कोनी पायलं नाय.’ तिने मान डोलावली. साऱ्या जन्मात पहिल्यांदाच अंधार तिच्या बाजूने उभा होता, आणि तिला त्याचा मोह पडला, खोटं कशाला सांगू.

फौजदार दिवेलागणीला पोचला. ‘अंधार हुता, साहेब,’ वाडी म्हणाली.

‘आणि हा दिवा?’

‘त्याचं पानी संपलंय,’ गोटीराम म्हणाला.

बाजीरावसाठी फौजदारालाही रडू फुटत नव्हतं. त्याने पेनाला टोपण लावलं. पुतळाने बुधीकडे पाहिलं. पोर दाराला पाठ लावून काळोखाकडे डोळे ताणून बसली होती. आज दिवा बंद होता म्हटलं, तर तो उद्याही बंदच. उद्या दुसरा कुणी तोंड बांधून येईल, आणि वाडी पुन्हा हेच म्हणेल.

ती उठली. चिंध्या बांधलेला हात छातीशी धरून तिने डाव्या हाताने पेटी उघडली आणि वायर जोडली. दिवा लागला. गोटीरामच्या खाली घातलेल्या मानेवर, फौजदाराच्या टोपीवर, जमिनीवरच्या काळ्या डागावर उजेड पडला.

‘काल बी असाच लागला हुता, साहेब,’ ती म्हणाली. ‘समद्यांनी पायलंय. बाजीरावला मी मारला. आनि माज्या नामाला त्यानं मारला, त्ये बी लिवा.’

फौजदाराने पेनाचं टोपण पुन्हा काढलं. पुतळाने गळ्यातला दोरा काढून बुधीच्या गळ्यात घातला.

‘पिंप घासून ठेवलंय,’ ती म्हणाली. ‘पानी कमी झालं की भट्टी लाव.’