बकारामच्या मफलरची टोपी

दुर्पताची टोपी पहिल्यांदा उसवली तेव्हा घरात भांडण झालं नाही. ओसरीतल्या कोनाड्यात तिनं ती सुई खोचून ठेवली होती. दुपारी खळ्यावर भाकर देऊन येते तर कोनाडा रिकामा, आणि खाली कुरळ्या लोकरीचा हा एवढा गुंता. आठ दिवसांचं काम होतं ते.

"मांजरीनं ओढलं असंल, बाई," तिची भावजय निर्मला चुलीपुढून न उठता म्हणाली.

घरात मांजर नव्हती. होती ती निर्मलानंच पावसाळ्यात पोत्यात घालून नाल्यापलीकडे सोडायला लावली होती. दुर्पतानं गुंता उचलला, भिंतीला टेकून बसली आणि गाठी सोडवत धाग्याचा गोळा करायला लागली. भांडण तिच्या जिभेवर आलं होतं, पण भांडून टोपी विणली जात नाही एवढी अक्कल तिला होती.

क्रोशाच्या कामात हीच मेख आहे. सगळा एकच धागा. एका टाक्याच्या पोटातून दुसरा काढायचा, दुसऱ्याच्या पोटातून तिसरा. शेवटचा टाका बांधून टोक आत लपवलं की मग कुणाच्या बापाला उसवत नाही. पण तोवर कुणीही यावं, टोक धरावं आणि ओढत सुटावं, आठ दिवसांचं काम चहा उकळेपर्यंत साफ.

दुर्पता ही केशोरावची मोठी बहीण. नवरा बकाराम गोंदियाला रेल्वेत रुळांचे सांधे बदलणारा सांधेवाला होता. तापानं गेला, आणि तिनं आपली पत्र्याची पेटी उचलून भावाचं घर गाठलं. त्याला आता चार वर्षं झाली. स्टेशनमागच्या चाळीत राहताना एका गार्डाच्या बायकोनं तिला क्रोशा शिकवला होता, आणि तिची सुई म्हणजे बकारामनं मोडक्या छत्रीची काडी घासून, टोकाला आकडा पाडून दिलेली. त्या सुईशिवाय आणि पेटीशिवाय तिच्याजवळ आपलं म्हणावं असं या घरात काहीही नव्हतं. हो, एक हक्क तेवढा होता. ती आत्या होती.

केशोरावला कार्तिकात मुलगा झाला. त्यांच्याकडची रीत अशी की सव्वा महिना झाला की पोराला पाळण्यात घालायचं, आणि त्या दिवशी पहिली टोपी घालायची ती आत्यानं. टोपी घालून तिनंच पोराच्या कानाला तोंड लावून 'कुर्र' करायचं आणि नाव सांगायचं. त्याआधी पोराच्या डोक्यावर फडकं चालतं, टोपी चालत नाही. टोपी आत्याची. दुर्पताच्या मनानं हे धरून ठेवलं होतं. जिच्या कपाळाला कुंकू नाही तिला लग्नात पुढं बोलवत नाहीत, हळदीला बोलवत नाहीत, ओटी भरायला तर नाहीच नाही. पण आत्या काही दुसरी आणता येत नाही, आणि केशोरावला बहीण एकच.

निर्मलानं दुसरी शोधली होती. तिची बहीण सावित्री गोंदियाहून मखमलीची जरीची टोपी घेऊन येणार, तीच मानलेली आत्या. हे दुर्पताला कुणी सांगितलं नाही. ते तिला सुईण देवकाबाईच्या तोंडून कळलं, आणि कळलं तरी तिनं सुई खाली ठेवली नाही. उलट रोज सकाळी अंगणात, निर्मलाच्या डोळ्यांसमोर, मुद्दाम उन्हात बसून विणायला लागली.

पोराच्या डोक्याचं माप घ्यायलासुद्धा निर्मला तिला जवळ फिरकू देत नव्हती. देवकाबाई एवढंच बोलली होती, "तुमच्या पितळी गडव्याएवढं डोस्कं हाय पोराचं." मग काय, दुर्पतानं गडवा पालथा घातला आणि त्याच्यावर टोपी चढवून चढवून बघत घेर वाढवला. तेव्हापासून त्या गडव्याचं पाणी निर्मला पिईना.

आता, निर्मला काही राक्षसीण नव्हती, हेही सांगितलं पाहिजे. या पोराच्या आधी तिची दोन पोरं गेली होती, एक विसाव्या दिवशी, एक पाच महिन्यांचं होऊन. दोन्ही वेळा त्या लहानग्या देहाला न्हाऊ घालून, फडक्यात गुंडाळून घराबाहेर घेऊन गेले ते हात दुर्पताचे. दुसरं कोण नेणार? बायका असल्या कामाला रांडमुंड बाईच पुढं करतात. निर्मलानं दारात बसून ते दोन्ही वेळा बघितलं होतं, आणि ते हात तिच्या डोळ्यांत कायमचे रुतले होते. पण भीती वाटते म्हणून माणसानं दुसऱ्याचा जीव असा टाचेखाली रगडावा काय? दुर्पतानंही त्या दोन पोरांसाठी रडून घेतलं होतं. फक्त तिला दारात बसून रडायची सवलत नव्हती.

दुसऱ्यांदा तिनं टोपी अशी सोडली नाही. विणकाम कमरेला ओच्यात बांधूनच ती पाण्याला जाई, खळ्यावर जाई. लोकर मात्र पेटीत होती, आणि ती लोकर कुठली हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. लढाई चालू होती, सगळी लोकर पलटणीला जात होती. जवळच्या गोरेगावच्या बाजारात शोधूनही कांडी मिळत नव्हती. दुर्पता एक राखी मफलर लागेल तसा उसवत होती आणि त्याचीच टोपी विणत होती. मफलर बकारामचा. थंडीत सांध्यावर जाताना तो कानाला गुंडाळायचा. त्याच्या एका कोपऱ्याला बिडीनं जळाल्याचं भोक होतं.

त्या भोकावरून मफलर कुणालाही ओळखू आला असता, आणि त्यानंच घात केला. एका दुपारी दुर्पता खळ्यावरून परत आली तर घरभर केस जळाल्याचा वास. तिची पेटी उघडी, आणि निर्मला चुलीपुढं उभी, हातात चिमटा.

"मेलेल्या मानसाच्या गळ्यातलं माह्या पोराच्या डोस्क्यावर घालून राहिली तू?" निर्मला किंचाळली. एरवी 'बाई' आणि 'तुमी' म्हणणारी निर्मला आज अरेतुरेवर आली होती. "दोन नेले, थे पुरले नाही तुले?"

दुर्पता चुलीकडे धावली. उरलेला अर्धा मफलर जळून काळा गोळा झाला होता. लोकर कापसासारखी भडकत नाही, कुढत जळते. तिनं हात घालून तो ओढला, बोटं भाजली, आणि हातात आला तो नुसता कोळसा.

"धुतला होता मी थो," ती म्हणाली. "तीनदा धुतला. राखेच्या पान्यात उकयला."

"उकयला म्हनून मेलेला जित्ता होते काय?"

केशोराव संध्याकाळी खळ्यावरून आला. दोघींनी दोन बाजूंनी त्याला सांगितलं. तो म्हणाला, "माहे बैल दिवसभर फिरून राहिले, मले जेवू द्या." असल्या वेळी त्याला नेमकी भूक लागायची.

दुर्पताच्या ओच्यात टोपी होती, तेवढी वाचली. वरचा गोल घेर झाला होता, पण कानपट्ट्या राहिल्या होत्या. कान झाकणाऱ्या दोन पट्ट्या आणि हनुवटीखाली बांधायच्या दोन दोऱ्या. त्यांची लोकर चुलीत गेली. तिनं शेवटचा टाका बांधला, टोक आत ओवून लपवलं आणि टोपी संपली असं ठरवलं. गडव्यावर चढवली तर ती बरोबर बसली. पण गडवा पोराच्या जन्मदिवशीच्या डोक्याएवढाच राहिला होता, आणि पोर रोज अंगावर पिऊन वाढत होतं.

बारशाला आठ दिवस उरले होते. त्या सकाळी थंडी अशी होती की नांदेतलं पाणी हाताला झोंबत होतं. देवकाबाई पोराला तेल लावून, अंगणात उन्हाच्या पट्ट्यात बाजेवर ठेवून गेली होती. निर्मला न्हाणीत. पोराच्या डोक्यावरचं धोतराचं फडकं सुटून मानेखाली गेलं होतं आणि ते हातपाय झाडत कुरकुरत होतं. दुर्पता शेणाचा हात धुऊन आली, इकडेतिकडे बघितलं आणि महिनाभरात पहिल्यांदा त्या पोराजवळ टेकली. कानाला बोट लावलं. कान गारठून दगड झाला होता.

ती वाकली आणि त्याच्या कानाला तोंड लावून हळूच फुंकलं, तोंडातली ऊब आत जावी म्हणून. एका कानाला फुंकलं, मग दुसऱ्या. पोर गप्प झालं, डोळे मोठे करून ऐकत राहिलं.

"काय सांगतलं?"

निर्मला न्हाणीच्या दारात उभी होती, केसांतून पाणी निथळत होतं. "काय सांगतलं तू त्याच्या कानात? नाव सांगतलं? त्याचंच नाव सांगतलं ना, बकारामचं?"

काहीच सांगितलं नाही, हे शब्द दुर्पताच्या ओठांवर आले होते. पण तिनं निर्मलाचा चेहरा बघितला. चार वर्षांत पहिल्यांदा ही बाई तिला घाबरली होती, आणि ती भीती बघून दुर्पताला बरं वाटलं. खोटं कशाला बोला, फार बरं वाटलं. ती उठली, पदर सावरला आणि एक शब्द न बोलता गोठ्यात निघून गेली.

निर्मलाचं पुढं जेवणखाण सुटलं. तिनं देवकाबाईला विचारलं. देवकाबाईनं सांगितलं की आत्याच्या तोंडून कानात पडलं ते पडलं, त्याच्यावर दुसऱ्या कुणी शंभर नावं सांगितली तरी ती वरून वाहून जातात. पुसायचं तर ज्या तोंडानं सांगितलं त्याच तोंडानं दुसरं सांगितलं पाहिजे, टोपी घालून, चारचौघींत. निर्मला मग रोज दुर्पतापुढं येऊन उभी राहायची. कधी दमात घ्यायची, कधी विनवायची. "सांगा ना बाई, काय म्हनलं थे?" दुर्पता भांडी घासत राहायची.

तिच्या मनात येत नव्हतं असं नाही. रात्रभर त्या बाईचा डोळा लागत नाही, हे तिला पलीकडून ऐकू येत होतं. एका वाक्यानं ते थांबलं असतं. पण ते वाक्य बोललं की टोपी पेटीत राहणार आणि सावित्रीची मखमल पोराच्या डोक्यावर जाणार. दुर्पतानं दात आवळले आणि आठ दिवस काढले.

बारशाचा मुहूर्त सकाळचा होता, ऊन अजून कौलावरच होतं. बायका ओसरीत दाटीनं बसल्या होत्या, घुगऱ्यांची परात पदराखाली झाकलेली. सावित्री मखमली टोपी ताटात घेऊन पाळण्याजवळ सरकली. निर्मलानं तिचा हात धरला.

"थांब," ती म्हणाली. मग तिनं गोठ्याकडे तोंड करून हाक मारली, आणि ती हाक मारताना तिला किती जड गेलं ते सगळ्यांनी बघितलं. "बाई. या. तुमीच घाला टोपी."

सावित्रीचा चेहरा पडला. बायका कुजबुजल्या. दुर्पता आली, निर्मलाच्या मांडीवरचं पोर स्वतःच्या मांडीवर घेतलं आणि ओच्यातून राखी टोपी काढली.

"थेच हाय?" निर्मलानं विचारलं.

"थेच हाय. तुले दुसरं पाहिजे असंल तर सावित्रीले सांग."

दुर्पतानं टोपी पोराच्या डोक्यावर ठेवली आणि खाली ओढली. टोपी अर्ध्यावर अडली. आणखी ओढली. टाळू झाकली, पुढं सरकेना. दोन्ही कान बाहेर, थंडीनं लाल.

कुणीतरी मागं फिसकन हसलं. चार वर्षांत दुर्पताच्या हक्काची एकच गोष्ट होती, ती तिनं लढून मिळवली होती, आणि आता ती पोराच्या टाळूवर वाटीएवढी बसली होती. तिनं पोराच्या कानाला तोंड लावलं, 'कुर्र' केलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "यादोराव." आजोबाचं नाव, निर्मलानं ठरवलेलं. एकदा नाही, तीनदा.

"आन थे आधीचं?" निर्मलानं हळू आवाजात विचारलं.

"गेलं."

निर्मलानं श्वास सोडला. आधीचं काही नव्हतंच, हे दुर्पतानं तिला तेव्हाही सांगितलं नाही, पुढंही कधी सांगितलं नाही.

पोर थंडीनं रडायला लागलं. दुर्पतानं आपले दोन्ही तळहात त्याच्या दोन कानांवर ठेवले, घट्ट. डाव्या हाताच्या बोटांवर चुलीचे फोड अजून वाळले नव्हते. पोर हुंदके देत देत शांत झालं. निर्मला त्या हातांकडे बघत होती, तेच दोन हात.

"झालं ना आता? हात काहाडा," ती म्हणाली.

दुर्पतानं मान वर केली नाही.

"कानपट्ट्या तूच जायल्या," ती म्हणाली. "ऊन खाली येऊ दे, मंग काहाडतो."