पाटी भरलेली असताना

ठाण्याच्या मासळी बाजारात मनुबाईचा एक नियम होता. सासूकडून, म्हणजे शेवंतीकडून, बसायच्या जागेबरोबर तो तिच्याकडे आला होता: पाटी रिकामी होईपर्यंत गिऱ्हाइकासाठी उठायचं नाही. मग तो साहेब असो नाहीतर नगरसेवक. पापलेट हवं असेल तर वाकेल. वर्तकनगरच्या सुमेधाताई लग्न होऊन आल्यापासून तिच्याकडूनच मासळी नेत, त्याही वाकूनच.

या नियमाचा एक फायदा शेवंतीला कधी घ्यावा लागला नव्हता. मनुबाईचे गुडघे गेले, ते बाजारात कोणाला कळलंच नाही. जी बाई उठतच नाही, तिला उठता येत नाही हे कळणार कसं? पहाटे सगळ्यांच्या आधी येऊन ती भिंतीला धरून बसायची. बाजार उठला आणि शेजारची चित्रा घरी गेली, की त्याच भिंतीला धरून दातओठ खात उठायची. झाकली मूठ सव्वा लाखाची.

घरात मात्र ती मूठ उघडी पडली होती. नात दक्षता ऑपरेशन थिएटरची नर्स, आणि तीही रोबोच्या मदतीनं गुडघे बदलतात तिथलीच. ऑपरेशन करून घे, असं तिनं आजीला किती वेळा विनवलं. आजीचं म्हणणं एकच. नवा गुडघा बसवला की जमिनीवर बसायचं नाही, असं डॉक्टर सांगतात. मग विळी पायाखाली धरायची कशी? उंच स्टुलावर बस, टेबलावर काप, असं दक्षतानं सुचवलं तर आजी उसळली. मग मी कोळीण राहिले की बँकेतली बाई झाले, असं तिनं विचारलं. दक्षता मुळात गप्पच पोरगी. रिक्षावाल्यानं चार गल्ल्या फिरवून आणलं तरी हूं की चूं करायची नाही. डॉक्टरांच्या हातात कात्र्या-चिमटे देणं, एवढंच तिचं काम असावं अशी आजीची समजूत होती.

एका रविवारी भर गर्दीत कोणाचं तरी पाण्याचं पिंप उलटलं. सगळ्या बायका पाट्या उचलून पटापट उभ्या राहिल्या. मनुबाई एकटीच पाण्यात बसून राहिली. चित्रा आणि सुमेधाताईंनी काखेत हात घालून तिला उचललं. कोणी हसलं नाही, हेच तिला जास्त झोंबलं. त्या संध्याकाळी ती नातीला म्हणाली, "कर काय ते. पन मना मशिनीचे हातान देवू नको."

दक्षतानं समजावलं, की कापणारा हात डॉक्टरांचाच असतो. यंत्राला हाडाचा नकाशा ठाऊक असतो, ठरल्या रेषेपलीकडे ते पातं जाऊ देत नाही, एवढंच. मनुबाईला शेवंती आठवली. पहिली सुरमई कापताना सासूनं तिचं मनगट असंच धरलं होतं. मग तिनं हट्ट धरला तो वेगळाच: तू तिथे उभी पाहिजेस. घरच्या माणसाच्या ऑपरेशनला उभं राहायचं की नाही, हे डॉक्टरांनी दक्षतावर सोडलं. ती उभी राहिली.

भूल कमरेखालीच होती. पडद्याआड पडून मनुबाई एकवीरा आईचं नाव घेत होती, आणि कान पडद्यापलीकडे लावले होते. करवत सुरू होणार, तेवढ्यात एक आवाज आला.

"सर, थांबा. मांडीवरच्या खुणेला धक्का लागलाय."

डॉक्टर थांबले. सगळं थिएटर थांबलं. तपासलं तर हाडात खुंटीसारखी रोवलेली ती खूण खरंच किंचित सरकली होती. यंत्र त्या खुणेवरूनच हाड ओळखतं, म्हणून सगळी जुळणी पहिल्यापासून झाली आणि मगच करवत चालली. "बरं केलंस," डॉक्टर एवढंच म्हणाले. पण तो आवाज आपल्या मुक्या पोरीचा, हे मनुबाईला उमगायला एक क्षण लागला. उमगलं तेव्हा पडल्या पडल्या तिची छाती अशी फुगली, की भुलीचे डॉक्टर मॉनिटरकडे बघायला लागले.

आधी एक गुडघा झाला, मग सवडीनं दुसरा. तोवर चित्रानं तिच्या जागेवर पाटी पालथी घालून जागा राखली. मनुबाई परतली ती स्टुलावर, समोर टेबल, टेबलाला ठोकलेली विळी. गिऱ्हाइकांना आता वाकावं लागेना. पहिले काही दिवस तिला ते फार खुपलं. शेवंती वरून बघत असेल तर काय म्हणेल, असं सारखं मनात येई.

मग एका सकाळी रात्रपाळी संपवून दक्षता बाजारात आली, स्टूल आजीला सोसतंय का ते बघायला. पाटी अजून अर्धीअधिक भरलेली होती. सुमेधाताई बोंबील निवडत होत्या. मनुबाईनं नातीला गर्दीतून येताना पाहिलं, विळीवरचा हात काढून पदराला पुसला, आणि भिंतीकडे न बघता सरळ उभी राहिली.

चित्राचा कोयता थांबला. सुमेधाताई बघतच राहिल्या. "मनुबाई, इतकी वर्षं माझ्यासाठी कधी उठली नाहीस गं."

"तू म्हावरा घेवाला येतंस, बाय," मनुबाई सगळ्या बाजाराला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "ही थांब बोल्ली, का डाक्टर थांबतान."

दक्षता लाजून म्हणाली, आजी, बस ना. पण ती जवळ येईपर्यंत मनुबाई काही बसली नाही.