मूस जॉ, स्लाइड बाय स्लाइड

आमच्याकडे नवरा बायकोला समजावत नाही, स्लाइडी दाखवतो. उल्हासची रेडमंडची नोकरी गेली आणि दोन ऑफर आल्या. एक इथल्याच, अमेरिकेतल्या शॉमबर्गची, एक कॅनडातल्या मूस जॉ नावाच्या गावाची. उत्तर उद्या द्यायचं होतं. शॉमबर्गला माझी मावसबहीण वीणा राहते, देशी दुकानं हाकेच्या अंतरावर. माझ्या मते विषय संपला होता. तरी या बाबानं रविवारच्या चहाला लॅपटॉप टीव्हीला जोडला.

पहिली स्लाइड थंडीची. उणे तीस. इंजिन गरम राहावं म्हणून गाडीसुद्धा रात्री प्लगला लावून ठेवायची, नाहीतर सकाळी सुरूच होत नाही.

"गाडीला शेक? आणि मला कोण देणार?" मी म्हणाले.

"प्रश्न शेवटी घेऊ."

जशी काही मी त्याची क्लायंट! वस्ती तेहतीस-चौतीस हजार. चहूकडे सपाट शेतं, ना डोंगर ना समुद्र. मेन स्ट्रीटवर जुन्या विटांच्या इमारती, त्यांच्याखाली भुयारं. आणि मूसचा, म्हणजे तिकडच्या थोराड सांबराचा, तीन मजली उंच पुतळा.

"सो क्यूट!" आमची केया ओरडली. नऊ वर्षांची आहे, तिला काय जातंय!

शाळा झाली, दवाखाना झाला, बर्फ उपसायचं फावडं झालं. मी कुठेच नव्हते. मला रडूच यायला लागलं.

"माझी स्लाइड कुठाय रे? की मी फावड्यात आले?"

उल्हासनं टीव्ही बंद केला. "तिथे तुलाही वर्क परमिट मिळेल. लॅबसाठी परीक्षा द्यावी लागते, पण देता येते."

नागपुरात मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये होते. इथे माझ्या व्हिसावर काम करायला बंदी. शॉमबर्गलाही तेच. पाच वर्षं मी त्यावर अक्षर काढलं नव्हतं. मला वाटायचं, याच्या लक्षातही नाही.

"हे आधी सांगायला काय झालं होतं?"

"आधी सांगितलं असतं तर थंडी तू ऐकलीच नसतीस. मग म्हणाली असतीस, फसवलंस."

वा रे शहाण्या! भांडायलासुद्धा जागा ठेवली नाही. मी डोळे पुसले आणि कप उचलले.

"वरची मोठी बॅग काढ," मी किचनमधून ओरडले. "माझी सर्टिफिकेटं तळाशी आहेत. आणि फावडी दोन घे. मला सकाळी कामावर जायचं असेल, तुझं उपसून होईपर्यंत थांबणार नाही मी!"