नऊ दिवस बदललेलं पाणी

बोटाएवढी पिशवी, दोन्ही टोकांना चिमटे, आत कोऱ्या चहासारखं पाणी — आणि जांभळ्या दिव्याखाली आजही ती काळी. मकपालनं दिवा हलवून पाहिला, मग पीएच.डी. झालेल्या माणसानं करू नये ते केलं: तिनं पिशवीला टिचकी मारली. आठ वर्षं अशी प्रत्येक पिशवी निळी चमकत आली होती. अल्माटीच्या सफरचंदांचा रस पोलादी डब्यात कोंडून तापवायचा, त्यातून कोळशाचे डोळ्यांना न दिसणारे कण काढायचे आणि पिशवीत भरून पाण्यात ठेवायचे, म्हणजे बाकीची घाण पाझरून धुतली जाते. ते जखमेत सोडले की दिव्याखाली जंतू दिसणारही आणि मरणारही. मंत्रालयाला यातलं सफरचंद फार आवडलं होतं.

सोमवारी झाडू मारता मारता सफाईवाल्या दामेश आपांनी सांगून टाकलं होतं, “मीच रोज पाणी बदललं. नौरिजच्या सणाचे नऊ दिवस तुम्ही सगळे घरी जेवणं झोडत होतात, आणि हे भांडं इथं तसंच. खारवलेलं मांस भिजत घातलं की पाणी बदलायचं असतं, एवढं तर माझ्या सुनेलाही कळतं. आणि तिला काही कळत नाही.”

नऊ दिवस... मकपाल मनातल्या मनात हिशेब करत होती, आम्ही तर एकच दिवस धुतो. अगायनी — म्हणजे प्रोफेसर ओराजबेक, पण अख्खं खातं त्यांना अगाय, ‘सर’च म्हणतं — मी इथं आले त्या पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं, एक दिवस पुरे, आणि मी ते वहीत सुंदर अक्षरात लिहून घेतलं. म्हणजे चमकत होते ते कण नव्हतेच. त्याच डब्यात शिजलेली कसलीतरी फुटकळ रसायनं, पिशवीच्या पडद्यातून पाझरणारी, आपांनी नऊ वेळा मोरीत ओतलेली. आणि जंतू मारत होतं ते बहुधा उरलंसुरलं आम्ल — लिंबू पिळलं असतं तरी भागलं असतं. काल तिनं पिशवीतले धुतलेले कण जंतूंवर घातले होते. आज सकाळी ताटलीभर जिवंत जंतू, हिरवळीवर सहलीला आल्यासारखे.

टेबलावर कागद होता. ‘कणांची शुद्धता मी स्वतः तपासली आहे’ — खाली तिच्या सहीची जागा. सोबत चाचणीच्या रुग्णांची यादी, अकरा जण, मधुमेहानं पाय चिघळलेले. पहिला सेयितकाली, ट्रॉलीबसचा चालक, उजव्या पायाची दोन बोटं आधीच गेलेली. तीन आठवडे त्याचं नेहमीचं औषध बंद ठेवायचं आणि सफरचंद लावायचं.

चार वाजता अगाय आले. कागदाकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

“अगाय, पिशवी चमकत नाही.”

“फुटली असेल.”

“धड आहे. नऊ दिवस धुतली गेली.”

“कुणी सांगितलं नऊ दिवस?”

“दामेश आपांनी धुतली.”

“मग पुढचा प्रबंध त्यांनाच लिहू दे,” अगाय हसले, आणि तीही हसली — त्यांच्या विनोदाला हसण्याची सवय पगाराबरोबर लागली होती. “ताटलीत जंतू मेले का?” हे मात्र त्यांनी विचारलं नाही. ती वाट पाहत राहिली. ते टोपी घालून दारापर्यंत गेले आणि पाठमोरेच म्हणाले, “नवीन कर, पोरी. आणि नेहमीइतकंच धू. जास्त नको.”

एक्केचाळिसाव्या वर्षी पोरी. दार हळूच लागलं... त्यांना माहीत होतं. कधीपासून? पहिल्या आठवड्यापासून? तिला राग यायला हवा होता, ती त्याची वाट पाहत बसली, आला नाही. त्याऐवजी एक साधा प्रश्न आला — आठ वर्षांत तू दोन दिवस का धुतलं नाहीस? कुणी हात धरला होता? त्याचं उत्तर अगायकडे नव्हतं, माझ्याकडेच होतं: ती निळी चमक मलाच हवी होती.

तिनं नवी पिशवी भरली, चिमटे लावले, पाण्यात सोडली. हात सवयीनं सगळं करत होते. उद्या या वेळेला ही निळी चमकेल, आणि ती पाहून आपल्याला बरं वाटेल — हे तिला आत्ताच, अगदी स्वच्छ दिसत होतं. सेयितकालीच्या पायाची भीती होतीच. पण त्या बरं वाटण्याची भीती जास्त वाटली.