बहीण बोलायला उठली

आमच्या बेटांच्या संसदेत मतं मोजायला हातापायांची बोटं पुरतात. सरकारकडे एकच मत जास्त, म्हणून पंतप्रधान सिओनेती फार जपून चाल खेळत. नुकुतासी बेटावर यापुढे बोट थांबणार नाही, हा ठराव त्यांनी मांडायला दिला तो त्याच बेटाच्या मंत्र्याला, इयाकोपोला. विरोधात बोलणार ती सेपोला, त्या बेटाची दुसरी खासदार, आणि इयाकोपो तिचा मामेभाऊ. आमच्यात मामेभाऊ काय नि सख्खा काय, भाऊ तो भाऊ. त्याच्यासमोर बहिणीने आवाज चढवायचा नाही, भांडण तर लांबच राहिलं.

सेपोला तोंडात मिठाची गुळणी धरून बसली. सभागृहातला शब्द न् शब्द रेडिओवरून बेटाबेटांवर जातो, तेव्हा तिचं गप्प बसणंही सगळ्यांना कळलं. रात्री बेटावरून आत्याने फोनवर झाडलं. तिची नात पोटुशी होती. अडली तर तिला इस्पितळात काय होडीत घालून आणायचं, असं आत्याने विचारलं. सेपोलाला स्वतःचाच राग आला.

दुसऱ्या दिवशी चर्चा संपत आली तशी ती उठली. भावाकडे न बघता सभापतींना म्हणाली,

"अध्यक्षमहाराज, मी आता बोलणार आहे, आणि चांगलं कडक बोलणार आहे. माझ्या भावाच्या कानांवर ते पडू नये, एवढं बघा."

सभापती जुन्या वळणाचे. त्यांनी इयाकोपोकडे नुसतं पाहिलं. तो उठला, चपला हातात घेतल्या आणि बाहेर गेला. मग सेपोलाने सिओनेतींची अशी खरडपट्टी काढली की त्यांच्याच बाजूचे दोघं खाली बघत बसले. बोटीची वाट बघता बघता दगावलेल्यांची नावं तिने एकेक करून घेतली.

मतदानासाठी सिओनेतींनी इयाकोपोला बोलावणं धाडलं. निरोप आला की बहीण कडक बोलली आहे, ती आत आहे तोवर आज रीतीने आपल्याला आत येता यायचं नाही. सिओनेती स्वतः तिच्या बाकापाशी आले.

"बाई, जरा बाहेर वारा खाऊन येता का?"

"इथं पंखा आहे की."

मतं समसमान पडली. बरोबरीत ठराव पडतो, तसा पडला. इयाकोपोचं मंत्रिपद दिवस मावळायच्या आत गेलं.

रीतीप्रमाणे माफीची चटई घेऊन सेपोला त्याच्या घरी मागच्या दाराने गेली. तिचा आवाज ऐकताच इयाकोपो पुढच्या दाराने किनाऱ्याकडे निघून गेला.

"वहिनी, रीत पाळायला गेला आणि खुर्ची घालवून बसला. माझ्यापायी."

वहिनीने चटई उलगडून वीण पारखली.

"तुझ्यापायी कसलं? रोज पहिल्या बाकावर बसणारा माणूस आज दारापाशी बसला, ते दिसलं नाही तुला? सकाळी निघताना मला म्हणाला, आज तरी तिने तोंड उघडलं म्हणजे मिळवली."

सेपोलाला रडू फुटलं. खाली वाळूवर इयाकोपो एकटाच चालला होता. त्याला हाक मारायची सोय नव्हती.