नऊ खण आणि चाळीस ताटं

मी एक जुना लाकडी ट्रे आहे, मित्रांनो. तीन ओळी आणि प्रत्येक ओळीत तीन खण. मोडलेल्या दाराच्या फळीतून सुताराने मला घडवलं आणि मी एका रुग्णालयाच्या स्वयंपाकघरात आलो. चमचे सांभाळणं हे माझं काम. "किती नेटका आहे!" असं सगळे म्हणत. पुढे स्टीलचे डबे आले आणि माझी रवानगी ओट्याखाली झाली. तिथे मी धूळ खात पडलो.

एका दुपारी सिस्टर तरातरा आत आल्या.

"काका, खिडकीजवळच्या आजींना मीठ आणि साखर दोन्ही बंद आहेत. त्यांना मिठाचं ताट कसं गेलं? पाय सुजलेत त्यांचे!"

आचारीकाकांचा चेहरा पडला. "रुग्ण चाळीस. साखर बंद बावीस, मीठ बंद सतरा. झाले एकोणचाळीस. उरलं एक साधं ताट. माझं चुकलं कुठे?"

"बाबा, दोन्ही बंद असलेले नऊ जण दोनदा मोजले गेले, आणि त्यांच्यासाठी वेगळं ताटच नाही," भाजी चिरत बसलेली त्यांची सून भिंतीवरची रुग्णांची यादी पाहत म्हणाली. तिने मला बाहेर ओढलं, पुसलं आणि खडू घेतला.

"वरची ओळ मीठ बंद असणाऱ्यांची, मधली मीठ चालणाऱ्यांची. पहिला रकाना साखर बंद, दुसरा साखर चालणारे. कडेला आणि खाली बेरजा."

शेवटच्या कोपऱ्यात तिने चाळीस लिहिले, वरच्या ओळीच्या टोकाला सतरा, पहिल्या रकान्याच्या तळाशी बावीस आणि अगदी पहिल्या खणात नऊ.

"सतरातून नऊ गेले?"

"आठ. त्यांना फक्त मीठ बंद," काका पुटपुटले.

"बावीसातून नऊ?"

"तेरा. फक्त साखर बंद."

"नऊ, आठ आणि तेरा, तीस झाले. मग चाळीसातून?"

"दहा!" काकांनी कपाळावर हात मारला. "दहा साधी ताटं! आणि मी एकच वाढत होतो."

मधल्या खणात दहाचा आकडा उमटला, तेव्हा माझं जुनं लाकूडसुद्धा सुखावलं.

संध्याकाळी काकांनी आजींचं ताट स्वतः नेलं. सूज उतरल्यावर आजी सिस्टरांचा हात धरून स्वयंपाकघराच्या दारात आल्या. "बेचव आहे हो तुमचं जेवण," त्या हसून म्हणाल्या, "पण माझ्यासाठीच केलेलं आहे, हे कळतं."

आता मी रोज खडूने रंगतो आणि रोज पुसला जातो. मित्रांनो, जुनी वस्तू टाकण्याआधी तिला एकदा स्वच्छ करून पाहा. आणि गणित सोडवताना घाई करू नका. प्रत्येक आकड्यामागे कुणीतरी आपल्या ताटाची वाट पाहत बसलेलं असतं.